चिंट्याला काही काम द्या

बसा. वह्या मिटा, पेनं खाली ठेवा. आज कुणी काही लिहून घ्यायचं नाही, नुसतं ऐकायचं.

पुराणातल्या देवदैत्यांना घेऊन आजच्या काळातली साहसकथा लिहा, असं सांगितलं होतं. सगळा गठ्ठा वाचला. कुणाचा नायक इंद्राचा मुलगा निघाला, कुणाचा वरुणाचा, एकीची नायिका तर थेट गंगेची भाची. असू दे. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, नायकाच्या मित्राबद्दल आहे. एका कथेत तो चिंट्या, दुसरीत बंटी, तिसरीत पक्या. नाव बदललं तरी प्राणी तोच. तो खातो, घाबरतो, घसरून पडतो आणि राक्षसाने गदा उगारली की विनोद करतो. राक्षसही विनोद संपेपर्यंत गदा तशीच वर धरून उभा! तुमच्यापेक्षा तो जास्त शिस्तीचा दिसतो.

हा चिंट्या कुठून उचललास विचारलं, तर म्हणे पर्सी जॅक्सनमधल्या ग्रोव्हरसारखा केलाय. ग्रोव्हरसारखा? अरे, तू ग्रोव्हरचा फक्त डबा उचललास! तो पत्र्याचे डबे चावून खातो, एवढंच तुझ्या लक्षात राहिलं. पुस्तक वाचलंस, की नुसती मालिका पुढे ढकलत ढकलत पाहिलीस?

ते पुस्तक लिहिणारा रिक रायर्डन स्वतः शाळामास्तर होता. त्याच्या मुलाला वाचताना अक्षरं लागायची नाहीत, एका जागी चित्तही ठरायचं नाही. रात्री तो पोराला ग्रीक देवांच्या गोष्टी सांगायचा. त्या संपल्यावर पोराने आणखी मागितल्या, तेव्हा त्याने पर्सी हा देवपुत्र नायक रचला. 2005 साली पहिलं पुस्तक आलं. मास्तर असल्यामुळे त्याला एक पक्कं ठाऊक असणार, वर्गात सगळ्यांना हसवणारं पोर बऱ्याचदा सगळ्यात जास्त दडपणाखाली असतं. तुम्हाला हे ठाऊक असायला हवं होतं. तुमच्या शेजारीच बसतं ते.

आता ग्रोव्हर कोण, ते नीट ऐका. तो सॅटर आहे, म्हणजे कमरेखाली बोकड. शाळेत खोटी पावलं घालून, टोपीखाली शिंगं दडवून, पाय अधू असल्याचं सोंग घेऊन वावरतो. कशासाठी? पर्सीवर नजर ठेवायची, त्याला सुखरूप देवांच्या मुलांच्या छावणीत पोचवायचं, ही त्याची नेमणूक आहे. आणि हे काम त्याच्या हातून आधी एकदा फसलंय. झ्यूसची मुलगी थालिया त्याच्याच राखणीत होती. छावणीच्या वेशीपर्यंत आली आणि तिथेच पडली. बापाने तिचं पाइनचं झाड केलं. ते ओझं मनावर घेऊन हा पोरगा विनोद करतो. तुमच्या पक्याच्या मनावर काय आहे? वडापाव!

जिच्याकडे पाहिलं की माणूस दगड होतो, त्या मेडूसाचं प्रकरण बघा. तिघंही भुकेले, रात्रीची वेळ, रस्त्याकडेला दगडी पुतळ्यांचं दुकान आणि आतून बर्गरचा वास. पर्सी आणि त्याची मैत्रीण ॲनाबेथ नाक वर करून निघाले. ग्रोव्हर एकटाच म्हणतो, मला राक्षसाचा वास येतोय. ते दोघं त्याची चेष्टा करतात, तू तर पत्र्याचे डबे खातोस. तो म्हणतो, डबे म्हणजे भाजीच की; आणि त्याच दमात, चला इथून, हे पुतळे माझ्याकडे बघताहेत. पाहिलंत? विनोद आणि भीती एका श्वासात. वाचणारा हसतो आणि हसता हसता त्याच्या पोटात गोळा येतो. त्या पुतळ्यांत एक सॅटर आहे, हुबेहूब ग्रोव्हरच्या फर्डिनंडकाकासारखा. हा काका हरवलेल्या रानदेवाच्या, पॅनच्या, शोधात निघाला होता, तो परतलाच नव्हता. मग मेडूसा अंगावर येते तेव्हा हाच भित्रा पोरगा, धड न आवरणारे उडते बूट पायात, झाडाची फांदी घेऊन तिच्यावर झेपावतो. काकाचा हिशोब चुकता करतो. डोकं पर्सी उडवतो, हे खरं. पण ते पान कुणाचं आहे, सांगा बघू? बोला ना, आता का गप्प?

आणि पॅन. त्याला शोधायचा परवाना मिळावा म्हणून ग्रोव्हर झुरतोय. म्हणजे नायक नसता तरी याला जगायला कारण आहे. पॅन मेल्याची वार्ता प्लुटार्कने फार जुन्या काळी नोंदवून ठेवली आहे: सम्राट टायबेरियसच्या काळात पॅक्सी बेटाजवळून जाणाऱ्या जहाजावरच्या थामस नावाच्या खलाशाला हाळी आली, मोठा पॅन गेला म्हणून सांग. रायर्डनने ती वार्ता शेवटी कुणाच्या खांद्यावर टाकली? ग्रोव्हरच्या. 2008 सालच्या चौथ्या पुस्तकात त्याला देव सापडतो आणि डोळ्यांदेखत विरून जातो. परत येऊन तो सांगतो, तर त्याच्याच जमातीतले थोर लोक त्याला खोटं पाडतात. तिथे कसला विनोद करशील, सांग?

इंग्रजी पुस्तकावरून बोलतो म्हणून नाकं मुरडू नका. घरचंही सांगतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय विदूषकच ना? खादाड, बोलका, चारुदत्त कंगाल झाला तरी त्याला न सोडणारा. झोपेत बरळत तो वसंतसेनेच्या दागिन्यांची पेटी मित्राला द्यायला जातो आणि देतो घरात शिरलेल्या चोराला. पुढे चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ येतो, तेव्हा न्यायसभेत मित्राच्या बाजूने राजाच्या मेव्हण्याशी, शकाराशी, हमरीतुमरीवर येतो आणि काखेतले वसंतसेनेचे दागिने सगळ्यांसमोर खाली पडतात. चारुदत्ताच्या गळ्यात फास अडकतो तो त्या दागिन्यांपायी! ज्याने जिवापाड प्रेम केलं, त्याच्याच हातून घात. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणलं, तुमच्या पणजोबांनी पदांना ‘वन्समोअर’ दिले असतील, आणि तुम्हाला मित्र म्हटलं की वडापाव आठवतो.

तेव्हा सोमवारी कथा पुन्हा आणायची. नायकाला तापाने आजारी पाडा, मामाकडे पाठवा, काय वाटेल ते करा. दोन पानं त्याने दिसायचं नाही. त्या दोन पानांत चिंट्या एकटा. त्याला नायकापासून लपवलेलं एक काम द्या आणि त्या कामात त्याच्या हातून एक चूक होऊ द्या, निस्तरता न येणारी. विनोद हवा तर एकच करा, आणि तो करताना त्याचे हात कशाला घट्ट धरून आहेत, तेही लिहा. मोबाइलवरून छापून आणलेलं चालणार नाही. आणि घंटा झाली म्हणून कुणी दप्तर आवरायचं नाही, मृच्छकटिकाचा नववा अंक अजून वाचायचाय.