आजारी मनुष्याची चिकाटी

जिवावरचे दुखणे असतां जो मनुष्य अंथरूण सोडून कामास जातो त्याची आपण वाहवा करितो. ती वाहवा सर्वस्वी निर्दोष असते काय? न्यूयॉर्क शहरच्या एका पोलीस अंमलदाराची हकीकत सांगून हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

लुईस आल्व्हारेझ हे तेथील बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकात होते. ता. ११ सप्टेंबर २००१ रोजी दहशतवाद्यांनी विमाने आदळवून त्या शहरातील दोन उत्तुंग इमारती पाडल्या. पुढे सुमारे तीन महिने आल्व्हारेझ त्या ढिगाऱ्यात शोध करीत राहिले. हवेत सिमेंट, काच व अॅस्बेस्टॉस ह्यांची बारीक धूळ होती; तरी आठवडाभरातच सरकारच्या पर्यावरण खात्याने ती हवा श्वासास निर्धोक असल्याचे सांगितले. सन २०१६ मध्ये आल्व्हारेझ ह्यांस आतड्याचा कर्करोग असल्याचे निघाले. तोपर्यंत ते निवृत्त झाले होते.

अशा रोग्यांस भरपाई देण्यासाठी सरकारी निधी होता, पण तो अपुरा पडला. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिल्लक अर्जांची रक्कम निम्म्यावर आणण्याचे व पुढील अर्जांची ७० टक्क्यांनी कमी करण्याचे ठरले. तेव्हा ११ जून रोजी आल्व्हारेझ वॉशिंग्टनला कायदेमंडळाच्या समितीपुढे साक्षीस गेले. केमोथेरपीचे ६८ उपचार झाले होते, ६९वा दुसऱ्या दिवशी व्हावयाचा होता. शरीर अगदी झिजले होते. समोरच्या काही खुर्च्या रिकाम्या होत्या. मागणे मात्र आपल्या सोबत्यांसाठी होते. दुसऱ्या दिवशी यकृत निकामी झाल्याचे आढळून तो उपचार राहिलाच, व २९ जून रोजी, वयाच्या ५३व्या वर्षी, ते वारले.

त्यांनी केले ते आम्हांस थोर वाटते, कारण ते त्यांनी समजून उमजून पत्करिले. परंतु मरणोन्मुख मनुष्याने जाऊन सांगावे असे त्यात नवे काय होते? १८ वर्षे रोगी दिसत होते, दवाखान्यांत त्यांच्या नोंदी होत्या. चिकाटी त्यांची खरी. तिची गरज मात्र दुसऱ्यांच्या आळसाने उत्पन्न केली.

आपल्याकडे मुकादमाची उचल फेडावयाची म्हणून बाई अंगात ताप घेऊन ऊस तोडिते. एखादा वृद्ध उपदेशक खोकत खोकत चार गावे पायी फिरतो, आणि “केवढी ही निष्ठा!” असे म्हणून आपण घरी जातो. त्याच्या वाटचे एक गाव कोणी घेत नाही. कोणी म्हणेल, आजाऱ्यास काम सोडण्यास सांगणे हा त्याचा अपमानच. हे पुष्कळदा खरे आहे. कित्येकांस कामच धीर देते. मग त्यासच विचारावे, की बाबा, तू हौसेने जातोस, की दुसरा कोणी जात नाही म्हणून जातोस?

आल्व्हारेझ ह्यांची साक्ष झाल्यावर कायद्यास फार दिवस लागले नाहीत. कनिष्ठ सभागृहात ४०२ विरुद्ध १२ व वरिष्ठ सभागृहात ९७ विरुद्ध २ मते पडली. निधी सन २०९२ पर्यंत चालविण्याच्या त्या कायद्यावर २९ जुलै २०१९ रोजी सही झाली. त्या दिवशी आल्व्हारेझ ह्यांस जाऊन बरोबर एक महिना झाला होता.