सेवाभावी अडाणीपणा

समजा, मुळशी धरणाच्या काठी मालेजवळच्या एखाद्या कातकरी वाडीवर कुठल्याशा संस्थेचा पंचविशीतला कार्यकर्ता वनहक्काचे दावे भरून घेतो आहे. म्हाताऱ्यांकडे तो पंचाहत्तर वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा मागतो. ही अट कातकऱ्यांसारख्या अनुसूचित जमातींना लागूच नाही. त्यांच्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा पाहतात, आणि गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. पोरगा प्रामाणिक आहे, पावसात चिखल तुडवत येतो. पण त्याच्या अज्ञानापायी दावा अडतो. ज्या तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांना जमिनीसाठी सत्याग्रह उभारावा लागला, तिथे तरी जमिनीचा कायदा न शिकवता माणूस वाडीवर धाडणं हा अपराध मानायला हवा. अपराध त्या पोराचा नव्हे, धाडणाऱ्यांचा.

समाजकार्याला मन मोठं लागतं, बाकीचं आपोआप जमतं, असा आपला लाडका समज आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांचा तो नव्हता. १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढताना त्यांनी नव्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी लावली. तीत अभ्यास होता, देशभर प्रवास होता. एवढं झाल्यावर सेवा!

आधी शिका, मग सेवा करा, हा आग्रह एका लहानशा समाजानेही धरला. बेने इस्राएल हा तर कोकणातून आलेला मूठभर ज्यू समाज. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत त्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. १९२२ मध्ये तिची धुरा रिबेका रूबेन यांच्याकडे आली. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, मॅट्रिकला पहिल्या आलेल्या, इंग्लंडात जाऊन अध्यापनाचं शिक्षण घेतलेल्या या बाईंनी १९५० पर्यंत शाळा चालवली. आपलीच पोरं, तेव्हा कुणीही शिकवलं तरी चालेल, असं या लहानशा समाजाने म्हटलं नाही.

कार्यकर्त्यांना आधी शिकवा म्हटलं, की संस्थांच्या विश्वस्तांचं उत्तर ठरलेलं असतं: शिकवलं की पोरं सोडून जातात. जातात, पण ती तुटपुंज्या मानधनाला आणि अकरा महिन्यांच्या कराराला कंटाळून. शिक्षणावर खापर फोडणं सोयीचं, एवढंच. देणगीदारही कमी नाहीत. त्यांना वह्यांचे, सायकलींचे, पाण्याच्या टाक्यांचे फोटो हवेत; कायदा समजून घेत बसलेल्या पोरांचा फोटो कुणाला हवा? त्यात परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने अशा देणगीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. हात आखडले हे खरं. म्हणून शिकवायचंच नाही?

विश्वस्तांनो, पुढच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षणाचा रकाना स्वतंत्र ठेवा आणि वर्षअखेरीला तो दुसरीकडे वळवू नका. आणि देणगीदारांनो, टाकीवर नाव कोरून घेण्याआधी संस्थेला एकदा विचारा: तुमच्या पोरांना यंदा काय शिकवलंत?