दोष डिस्कचा की जोडणीचा?

साठवलेली माहिती वाचता आली नाही की दोष डिस्कचाच असणार, हा समज दीर्घकाळ टिकला आणि तो निराधारही नव्हता, कारण वेगाने फिरणाऱ्या तबकड्या हा संगणकातील नाजूक भाग होता. बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ‘रेड’ची कल्पना मांडली, अनेक स्वस्त डिस्कांवर माहिती विभागून ठेवायची आणि सोबत इतकी जादा माहिती राखायची, की एक डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये, असा तिचा आशय होता. मात्र या रचनेत डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये कंट्रोलर, म्हणजे वाचन-लेखनाच्या आज्ञा वाटून देणारा नियंत्रक, आला आणि किरकोळ बिघाड तो परस्पर निस्तरू लागल्याने ते वापरणाऱ्याच्या नजरेआड गेले. त्यांचा माग उरला तो कंट्रोलरच्या इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे वेळेसह होणाऱ्या घटनानोंदींत.

पुढे डिस्कनेच आपल्या प्रकृतीची मोजमापे ठेवावीत, या विचारातून ‘स्मार्ट’ पद्धत रूढ झाली. तिच्यावरील विश्वासाला २००७ मध्ये गूगलच्या अभ्यासकांनी मर्यादा घातली: एक लाखाहून अधिक डिस्कांच्या त्यांच्या पाहणीत, तापमान वगळता, निकामी झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी कोणतीही पूर्वसूचना दिलेली नव्हती. खरी कलाटणी मात्र २००८ च्या अभ्यासाने दिली. सुमारे ३९,००० साठवण यंत्रणांच्या ४४ महिन्यांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले, की यंत्रणेच्या प्रकारानुसार बिघाडांपैकी २० ते ५५ टक्केच डिस्कांचे होते, तर २७ ते ६८ टक्के बिघाड केबल आणि तत्सम भौतिक जोडणीचे होते. शिवाय बिघाड एकेकटे न येता पुष्कळदा लागोपाठ येत होते.

यामुळे सुट्या नोंदीपेक्षा नोंदींचा परस्परसंबंध महत्त्वाचा ठरला. एकाच डिस्कवर ‘मीडियम एरर’, म्हणजे पृष्ठभागावरून माहिती न वाचता येण्याची चूक, पुन्हा पुन्हा येत असेल, तर संशय त्या डिस्कवर घ्यावा. पण एकाच कप्प्यातील अनेक डिस्कांकडून ठरलेल्या वेळेत उत्तर येत नसेल आणि त्याच सुमारास जोडणी पुनःपुन्हा नव्याने सुरू केली जात असेल, तर केबल, मागची जोडपट्टी किंवा वीजपुरवठा आधी तपासणे योग्य. प्रवासात माहिती बिघडल्याचे दाखवणारी सीआरसी चुकांची संख्या वाढत असताना पृष्ठभागाच्या चुका शून्यच असतील, तर डिस्क बदलून काहीच साधत नाही. उलट चांगली डिस्क काढली जाते आणि नवीवर माहिती पुन्हा उभारताना उरलेल्या डिस्कांवर नाहक ताण येतो.

अशा वाचनासाठी काळाचा हिशेब जुळलेला लागतो. काही कंट्रोलर सुरू झाल्यापासूनचे सेकंद मोजतात, त्यामुळे त्यांच्या नोंदी संगणकाच्या घड्याळाशी आधी पडताळून घ्याव्या लागतात. नोंदींची जागाही मर्यादित असते आणि ती भरली की जुन्यांवर नव्या लिहिल्या जातात. म्हणूनच डिस्कला हात लावण्यापूर्वी लॉगची प्रत दुसरीकडे काढून ठेवणे ही निदानाची पहिली पायरी मानली पाहिजे.