सेवेचा सन्मान आणि निष्काम कर्म

रायपूरच्या शंकर नगरासारख्या एखाद्या सुस्थित वस्तीत उत्सवाचे दिवस आले, म्हणजे आसपास लोकसेवेचे कार्य करणाऱ्या एखाद्या मंडळीचा सत्कार करावा असा विचार निघतो. आणि तो निघताच कोणी श्रद्धावान गृहस्थ शंका घेतात, की निष्काम भावाने कर्म करणाऱ्यास शाल-श्रीफळाचे प्रयोजन काय? भगवंतांनी फळावर दृष्टी ठेवू नये असे सांगितले असता आपणच त्याच्यापुढे फळ नेऊन ठेवावयाचे, हा त्याच्या साधनेस विघ्न आणण्याचा प्रकार नव्हे काय?

ही शंका वरकरणी मोठी शास्त्रशुद्ध वाटते. परंतु तिच्यात एक सूक्ष्म घोटाळा आहे. फलत्यागाचा उपदेश कर्म करणाऱ्यास आहे. ते कर्म पाहणाऱ्यास नव्हे. अर्जुनाला जे सांगितले ते अर्जुनाने स्वतःस लावावयाचे. शेजाऱ्याने ते दुसऱ्याला लावून आपली गाठ घट्ट बांधून ठेवणे याला वैराग्य म्हणत नाहीत, कृपणता म्हणतात. तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचा विचार आला आहे. जो घेतो आणि परत काही देत नाही, त्याला तेथे भगवंतांनी फार कठोर शब्द वापरला आहे. समाजातील दुःखिताचा भार कोणी आपल्या खांद्यावर उचलतो, तेव्हा तो आपल्याही वाट्याचा भार उचलीत असतो. म्हणून सेवकाने मानाची अपेक्षा न करणे हा त्याचा धर्म, आणि त्याची ओळख ठेवून त्याला साह्य करणे हा गृहस्थाचा धर्म. दोघांचे अधिकार भिन्न आहेत.

याचे उदाहरण छत्तीसगढातच आहे. रायपूरहून बिलासपूर ओलांडून हावड्याच्या लोहमार्गाने पुढे गेले, की चांपा लागते. त्याच्या जवळ सोंठी नावाच्या गावी १९६२ साली सदाशिव गोविंद कात्रे यांनी भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. कात्रे हे रेल्वेत नोकरी केलेले मराठी गृहस्थ. त्यांना स्वतःलाच कुष्ठरोग जडला होता. ज्या दुःखाने मनुष्य जगापासून तोंड लपवितो, त्याच दुःखाचे त्यांनी इतरांसाठी आश्रयस्थान केले. पुढे अमरावती जिल्ह्यातील पथ्रोट गावचे दामोदर गणेश बापट, जे जशपूरच्या वनवासी भागात मुलांना शिकवावयास आले होते, ते १९७२ च्या सुमारास सोंठीस गेले आणि तेथेच राहिले. रोग्यांच्या जखमा धुणे, त्यांना औषध मिळवून देणे, शेती, गोपालन व दोरखंड वळण्यासारख्या उद्योगांस लावून त्यांच्या हातास काम देणे, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय पाहणे, हा त्यांचा नित्यक्रम होता. याचनेसाठी पसरलेला हात कमावता करणे ही औषधाहूनही अवघड चिकित्सा होय.

येथे एक गोष्ट गृहस्थाश्रमी वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधांची योजना देशभर सुरू झाली व कुष्ठरोग पूर्णपणे बरा होऊ लागला. तरीही १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून राहिलेच होते. ते २०१९ साली वगळण्यात आले. म्हणजे वैद्याने रोगी बरा झाला म्हणून सांगितल्यावरही घराचे दार उघडावयास कितीतरी वर्षे लागली. सोंठीसारख्या स्थानी जे चालले होते, ते घरांनी टाकून दिलेल्या कर्तव्याची भरपाई होती, असेच म्हटले पाहिजे.

बापट यांना भारत सरकारने २०१८ साली पद्मश्रीने गौरविले. कार्यास आरंभ झाल्यापासून सेहेचाळीस वर्षांनी! त्यांच्यासारख्यास या विलंबाची खंत वाटावयाचे कारण नाही. मान व अपमान ज्याला सम झाले त्याला लवकर काय आणि उशिरा काय? परंतु सोंठीतील रोग्याला धान्य, पट्टी व पांघरूण हे त्या त्या दिवशीच लागते. गौरवाने जे लोकांचे लक्ष व साह्य कार्याकडे वळते, ते आधी वळले असते तर कोणाचे तरी दुःख आधी हलके झाले असते. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाच्या लक्षणांत स्थळ व पात्र यांच्याबरोबर काळही सांगितला आहे, तो उगीच नव्हे.

पुरस्काराने काय साधते आणि काय साधत नाही, हे महाराष्ट्राने एका मोठ्या प्रयोगात पाहिले आहे. २००० साली राज्यात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. उत्तम गावांस पारितोषिके ठेवली गेली. शेकडो गावांत स्त्री-पुरुषांनी स्वतः श्रमून रस्ते झाडले, गटारे बांधली, शौचालये उभारली. पुढे केंद्र सरकारनेही निर्मल ग्राम पुरस्कार ठेवला. स्पर्धेने आळस मोडतो, यात संशय नाही. पण पारितोषिक पदरात पडल्यानंतर काही गावे पुन्हा जुन्या वळणावर गेली, हेही तितकेच खरे. ज्यांच्या नावाने हे अभियान चालले ते बाबा हातात खराटा घेऊन अनोळखी गावात शिरत, दिवसभर रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तन करून निघून जात. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या धर्मशाळा, अन्नछत्रे व विद्यालये पुष्कळ होती. स्वतःच्या नावाची झोपडीही त्यांना नको होती.

म्हणून सन्मान करणाऱ्यांनी आधी स्वतःचे मन तपासावे. व्यासपीठावरील फलकावर देणाऱ्यांची नावे मोठी आणि सेवकाचे नाव कोपऱ्यात, असे दृश्य सर्वत्र दिसते. सोळाव्या अध्यायात ज्या नावापुरत्या यज्ञांची निंदा केली आहे, त्यांतच त्याची गणना करावी लागेल. ज्यास गौरवावयाचे त्याच्या कार्यस्थानी आधी जावे, तेथे एक दिवस राहावे, काय उणे आहे ते विचारावे. दहा हजारांचा मंडप घालून एक हजाराची थैली देण्यापेक्षा मंडप न घालता सर्व रक्कम तेथे पोहोचवावी. आणि पुढच्या वर्षी नवा सत्कारमूर्ती शोधण्याच्या घाईत मागील वर्षीच्याचे विस्मरण होऊ देऊ नये. सत्कार हा साह्याचा आरंभ असावा. पुष्कळ ठिकाणी तो साह्यातून सुटण्याचा मार्ग झाला आहे.

सेवकाने तरी मान स्वीकारावा काय? तो कार्याच्या नावे येत असेल तर स्वीकारावा व कार्यासच अर्पण करावा. पद्मश्री मिळाल्यानंतरही बापट सोंठीचेच राहिले. १७ ऑगस्ट २०१९ रोजी बिलासपूर येथे त्यांचे निधन झाले, आणि त्यांचा देह वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी तेथील वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला.