मधला हात

बदलीचा हुकूम हाती पडला की आपण कुरकुरतो खरे. परंतु प्रवासभत्त्याचे बिल सादर करावयास विसरत नाही. परमुलखात बिऱ्हाड हलविणे हा त्रास आहे आणि त्याची भरपाई हा आपला हक्क आहे, याविषयी आपल्या मनात कधी शंकाही येत नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी संसदेने १९७९ साली जो कायदा केला, त्याने हाच न्याय मजुराला लावला होता: मासिक वेतनाचा निम्मा भाग किंवा ७५ रुपये, यांत जे अधिक ते विस्थापनभत्ता म्हणून, शिवाय जाण्यायेण्याचा खर्च.

पुढे १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्यांच्या बांधकामांवर राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा येथून मजूर आले. त्यांना आणले जमादारांनी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मुकादमांनी. किमान वेतन दिवसाला ९.२५ रुपये, त्यांतला एक रुपया जमादार दलाली म्हणून ठेवून घेई. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आणि १९७९चा तो कायदा? त्याचे दिल्लीपुरते नियम ४ जून १९८२ पर्यंत तयारच झाले नव्हते! ‘नियम विचाराधीन आहेत’ हे वाक्य आपल्यापैकी कोणी लिहिलेले नाही?

मजूर स्वखुशीने आला, सव्वाआठ रुपये त्याने मुकाट्याने घेतले, मग यात अन्याय तो कोणता, असे सोयीस्करपणे विचारता येते. न्यायमूर्ती भगवती यांनी या शंकेचे मूळच उपटले. भुकेची सक्ती ही शारीरिक बळजबरीसारखीच सक्ती होय; किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम म्हणजे घटनेच्या २३व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठच, असा त्यांचा निर्णय.

मला अधिक अस्वस्थ करतो तो ठेकेदाराचा आडोसा. मजूर ठेकेदाराचे, आमचा संबंध नाही, ही सबब न्यायालयाने चालू दिली नाही. परंतु त्याच्याही आधीची एक पायरी आहे. सर्वांत कमी दराची निविदा आपणच मंजूर करतो. सिमेंट-लोखंडाचा भाव सर्वांना जवळजवळ सारखाच. तेव्हा दर कोठे उतरला असेल, हे कळावयास फारशी बुद्धी लागत नाही. आपण ते कळून घेत नाही, एवढेच. आणि त्या न कळण्यालाच निर्दोषपणा समजतो.

वेतन जमादाराच्या हाती न देता थेट मजुराला द्यावे, असा अंतरिम आदेश न्यायालयाने १९८२च्या मे महिन्यात दिला. वस्तुतः वेतनवाटपाच्या वेळी मुख्य मालकाच्या प्रतिनिधीने समक्ष हजर राहून रक्कम दिल्याचे प्रमाणित करावे, अशी तरतूद कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७०च्या कायद्यातच होती. सरकारी कामावर ती सही करावयाची होती ती ठेकेदाराने नव्हे, आपल्यातल्याच कोणीतरी.