सावलीतलं तापमान

मार्च सरत आला की वर्तमानपत्रात एक चौकट दिसू लागते. जळगाव इतकं, अकोला तितकं, चंद्रपूर सगळ्यांच्या वर. आपण आकडा वाचतो, 'काय हा उन्हाळा' म्हणतो आणि पान उलटतो. पण हा आकडा उन्हातला नसतो, तो सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात तिला. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, मोकळ्या जागी. झडपांमधून वारा खेळतो, ऊन मात्र आत येत नाही. शास्त्राच्या हिशेबानं हे अगदी बरोबर आहे. हवेचं तापमान मोजायचं तर तापमापकाला उन्हापासून दूर ठेवावंच लागतं, नाहीतर तो स्वतःच्याच तापलेल्या अंगाचं मोजमाप सांगत बसेल. चूक मोजणाऱ्यांची नाही, वाचणाऱ्यांची आहे. ४२ अंश म्हणजे सावलीत, वाऱ्याला उभं राहिलं तर ४२. जो उन्हात उभा आहे त्याच्यासाठी हा आकडा नाहीच.

आणि उन्हात उभे असणारे थोडेथोडके नाहीत. सकाळी मजूर अड्ड्यावर कामाची वाट बघत थांबलेली जोडपी, स्लॅबवर घमेली वाहणाऱ्या बाया, टोपलीवर ओलं फडकं टाकून बसलेली भाजीवाली, चौकातला वाहतूक पोलीस, पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन मोटारसायकलवर फिरणारी पोरं, एप्रिल उजाडला तरी फडात असलेले ऊसतोड कामगार. त्यांच्या अंगावर हवेची उष्णता तर येतेच, वरून थेट ऊन येतं, खालून डांबर आणि बाजूनं सिमेंटच्या भिंती तापून उष्णता फेकतात. भर दुपारी डांबराचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर सहज जातो. भाजीवाली त्याच्यापासून एका गोणपाटाच्या अंतरावर बसलेली असते.

शरीराचं गणित सोपं आहे आणि निर्दय आहे. आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायला हवं. बाहेरची हवा त्याहून थंड असते तेव्हा अंगातली उष्णता हवेत निघून जाते. हवा त्याच्या वर गेली की घाम हा एकच मार्ग उरतो. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. कोकणपट्टीवर हवाच दमट, तिथं तो अंगावरून ओघळतो पण वाळत नाही. विदर्भात तो वाळतो, पण मग पाणी आणि मीठ झपाट्यानं कमी होतं. या दोन्हीतलं काही कोलमडलं आणि आतलं तापमान ४० च्या वर गेलं की माणूस बरळायला लागतो, तोल जातो, शुद्ध हरपते. उष्माघात तो हाच. कामावरच्या कितीतरी बायका तर दिवसभर पाणी पिणंच टाळतात, कारण जवळपास स्वच्छतागृह नसतं. त्यांना 'भरपूर पाणी प्या' असं सांगणारी जाहिरात कुणासाठी लिहिलेली असते?

१६ एप्रिल २०२३ चा दिवस महाराष्ट्राला विसरता येऊ नये. नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो माणसं श्रद्धेनं आली होती, तासन्‌तास उघड्यावर बसली होती. उष्माघातानं १४ जण गेले. त्या दिवशीचं कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदलं गेलं होतं. नागपूरकर त्या आकड्याला उन्हाळासुद्धा म्हणणार नाहीत. पण तो पेटीतला आकडा होता. मैदानावरच्या माणसांच्या डोक्यावर ऊन होतं, हवेत समुद्राकाठचा दमटपणा होता आणि उठून जावं अशी जागा जवळ नव्हती. मंचावर छप्पर होतं. त्या चौदा माणसांच्या आणि मृत्यूच्या मध्ये जी गोष्ट उभी राहू शकली असती, ती महागडी नव्हती, दुर्मीळ नव्हती. ती सावली होती.

म्हणून मला सावलीला सोय म्हणवत नाही. नळाच्या पाण्यासारखी ती सार्वजनिक सेवा आहे. ती कुणाला मिळते आणि कुणाला नाही, याचा जाब विचारता आला पाहिजे.

सावली सावलीतही फरक असतो. बसथांब्यावरचा पत्रा ऊन अडवतो, पण तास-दोन तासांत स्वतः तापतो आणि वरून उष्णता सोडत राहतो. खालचं स्टीलचं बाकडं इतकं पोळतं की म्हातारी माणसं त्याच्या शेजारी उभी राहतात. झाडाचं तसं नाही. पानं ऊन अंगावर घेतात, मुळांनी खेचलेलं पाणी वाफेच्या रूपानं सोडतात आणि त्यामुळे स्वतः फारशी तापत नाहीत. झाडाखालच्या हवेचं तापमान तापमापकावर फार उतरलेलं दिसणार नाही, पण अंगावर येणारी उष्णता एकदम कमी झालेली कातडीला कळते. डांबरावरून झाडाखाली पाय टाकणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

आमच्या भागातल्या एका चौकात जुना करंज आहे. सकाळी त्याची सावली पश्चिमेला, एका कुंपणाच्या भिंतीकडे पडते. तिथं किल्ल्या बनवणारा त्याची पेटी मांडतो आणि त्याच्या पलीकडे चपला शिवणारे काका बसतात. बारा वाजता सावली आखडून बुंध्याभोवती येते. त्या वेळी तिथं सगळ्यांत जास्त गर्दी होते. कचरा वेचणाऱ्या मावश्या गाड्या कडेला लावून डबे उघडतात, रिक्षावाले उतरून पाठ टेकतात, कुणीतरी शाळेतून आणलेलं पोर कडेवर घेऊन दोन मिनिटं थांबतं. काका आपली ऐरण मांडीशी ओढून जागा करून देतात. दोननंतर सावली रस्त्याच्या बाजूला सरकते, तशी पेटी, गोणपाट, लिंबूसरबताची गाडी, सगळं हळूहळू तिकडे सरकतं. कुणी कुणाला सांगत नाही. त्या करंजाला काढलं तर एवढ्या जणांचा उन्हाळ्यातला धंदा त्याच दिवशी बंद पडेल. महापालिकेच्या नोंदीत मात्र ते 'एक झाड' एवढंच आहे.

करंज तिथं लावणारा माणूस जाणता असला पाहिजे. करंज फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि एप्रिल लागेपर्यंत पोपटी पानांनी भरून जातो. कडुलिंबाचंही तसंच. वड, पिंपळ, उंबर यांची सावलीही ऐन उन्हाळ्यात हाताशी असते. गुलमोहर दिसायला राजस, पण तो मादागास्करचा पाहुणा. एप्रिलमध्ये, जेव्हा सावली सगळ्यांत जास्त हवी, तेव्हा तो बराचसा उघडा असतो. आणि आता तर नव्या रस्त्यांवर रॉयल पाम लावतात. पामच्या सावलीत एक माणूससुद्धा मावत नाही. तेही दुभाजकात! दुभाजकातलं झाड कुणासाठी असतं? पायी चालणारा तिथं चालत नाही, बसची वाट बघणारा तिथं उभा राहत नाही. ते मोटारीच्या काचेतून बघायला लावलेलं असतं. शहर कुणाच्या नजरेनं आखलं जातं, हे ओळखायला दुभाजक आणि पदपथ यांची नुसती तुलना करावी.

जुन्या काळाला एवढी तरी जाण होती. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेला वड लावल्याची नोंद आहे, आणि कशासाठी तेही सांगितलं आहे: पशूंना आणि माणसांना सावली मिळावी म्हणून. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा एक राजा आपल्या राज्यकारभाराचा हिशेब दगडावर कोरतो आणि त्यात सावलीचा उल्लेख करतो, यानं मी दर वेळी थक्क होतो. सुरूरहून वाईला जाताना रस्त्यावर दोन्ही बाजूंनी वडांची कमान होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना रस्ता म्हणजे नुसतं डांबर नव्हे, हे वेगळं सांगावं लागत नाही. रस्ता रुंद करताना असे वड आधी 'अडथळा' ठरतात.

पण जुनं सगळं छान होतं, असं मी म्हणणार नाही. गावातल्या वडापिंपळाला दगडी पार असे आणि त्या पारावर गाव बसे, असं आपण आठवणीनं सांगतो. गाव म्हणजे कोण? गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाला त्या पारावर बसता येत नव्हतं. बाया डोक्यावर हंडा घेऊन पदर सावरत बाजूनं निघून जात. झाडानं सावली सगळ्यांवर सारखीच धरली होती, वाटप माणसांनी केलं. आज जात तशी उघड बोलत नसली तरी हा भेद मिटलेला नाही. ज्या वसाहतींत वातानुकूलन यंत्रं आहेत तिथंच मोठी झाडंही आहेत आणि यंत्रांनी बाहेर फेकलेली गरम हवा रस्त्यावरच्या माणसाच्या वाट्याला येते. पत्र्याच्या घरांच्या वस्तीत झाडाला जागाच ठेवलेली नसते. तिथली माणसं दिवसा उन्हात राबतात आणि रात्री तापलेल्या पत्र्याखाली झोपायचा प्रयत्न करतात.

कायदा आपल्याकडे आहे. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला प्राचीन वृक्ष म्हणून वेगळं स्थान मिळालं आणि झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अट आली. हेतू चांगला आहे. पण ऐंशी वर्षांचा वड तोडून ऐंशी रोपं शहराबाहेरच्या टेकडीवर लावली, तर वडाखाली फुलांचे हार विकणाऱ्या बाईला त्यातलं काय मिळालं? तिची सावली गेली ती गेलीच. रोपं जगली तरी त्यांना डोक्यावर सावली धरायला पंधरा-वीस वर्षं लागतील, आणि तीसुद्धा तिच्या डोक्यावर नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आपल्याकडच्या शहरांत नवे पदपथ करताना पेव्हर ब्लॉक अगदी खोडाला भिडवून बसवतात. मुळांना पाणी मिळत नाही, झाड वाळतं किंवा वादळात आडवं होतं, आणि मग 'धोकादायक' म्हणून उरलेली झाडंही छाटली जातात. पावसाळ्यापूर्वीची छाटणी एप्रिल-मे महिन्यात चालते. ती गरजेपुरती असती तर तक्रार नव्हती, पण बोडकं करून टाकलेलं झाड त्या उन्हाळ्यात कुणाच्याच कामाचं उरत नाही. हलकी छाटणी पाऊस संपल्यावर, हिवाळ्यात उरकली तर तारांचाही धोका टळेल आणि मे महिन्यात सावलीही राहील.

किती रोपं लावली, हा हिशेब आता पुरे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, जिथं माणसं थांबतात तिथं किती सावली आहे, हे मोजायला हवं. बसथांबा, मजूर अड्डा, रेशन दुकानाची रांग, सरकारी दवाखान्याचं आवार, शाळेचं फाटक. प्रत्येक प्रभागात अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतील. तिथं आधी झाड, आणि ते मोठं होईपर्यंत कापडी किंवा गवताचा मांडव. विदर्भातल्या काही शहरांत सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधायला सुरुवात झाली आहे. दुचाकीवाल्यांसाठी होतं, तर भाजीवालीसाठीही होऊ शकतं.

या दिवाळीत ऊन कोवळं आहे, म्हणूनच हे आत्ता लिहितो आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव याच महिन्यांत सुरू होते. आपल्या प्रभागातली एक उघडी जागा हेरा, तिथं थांबणाऱ्यांशी बोला आणि सावलीची मागणी लेखी द्या. आणि एखाद्या झाडाच्या खोडावर तोडणीची नोटीस डकवलेली दिसली, तर थांबून ती पूर्ण वाचा. हरकत घ्यायची मुदत मोजक्याच दिवसांची असते. त्या मुदतीत अर्ज करा, आणि त्या झाडाखाली रोज कोण कोण बसतं, हे त्या अर्जात लिहा.