माथेरानला जाण्यापूर्वी

चि. मुक्ता,


माथेरानच्या घोड्यांवर अभ्यास करते आहेस, फार बरं वाटलं. पण आराखड्यातली ती लांबलचक प्रश्नावली तूर्त बाजूला ठेव. ‘तुमचा घोडा समाधानी आहे का?’ असं विचारलंस, तर दस्तुरी नाक्यावरचा कुठलाही घोडेवाला ‘हो’च म्हणेल. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे आणि तू परकी.

आधी नुसती बघत उभी राहा. वहीचं पान उभं दुमडून घे. डावीकडे फक्त दिसलं ते लिही: खोगीर आवळताना कान मागे पडले, शेपटी झटकली, मान पोटाकडे वळली. राग, वेदना की सवय, हा तुझा अंदाज उजवीकडे. तो डावीकडे शिरू देऊ नकोस.

मग माणसांशी बोल, पण खरारा चालू असताना, वाट चालता चालता. पेव्हर ब्लॉकवरून घोडे घसरतात, ही तिथल्या घोडेवाल्यांची तक्रार. कुठे घसरतात ते जागेवर दाखवायला सांग. उतारावर घोडेवाला लगाम कसा धरतो, पाऊल टाकण्याआधी घोडा काय करतो, ते तिथेच कळेल. त्याचे शब्द त्याच्याच बोलीत उतरव. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक फ्रांस्वाज वेमेल्सफेल्डर यांनीही निरीक्षकांना तयार यादी दिली नाही; जनावर बघून स्वतःचे शब्द शोधू दिले आणि त्याच शब्दांवर गुण द्यायला लावले. डुकरांवर सुरू झालेली ही पद्धत पुढे घोड्यांसाठीही वापरली गेली. तिला मोघम म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. माणसागणिक शब्द निराळे असूनही कौल बराचसा जुळतो, हे वेमेल्सफेल्डर यांनी आकड्यांनी दाखवलं आहे.

आणि बर्लिनचा हान्स विसरू नकोस. टापा आपटून गणितं सोडवणारा हा घोडा 1904 साली तज्ज्ञांच्या समितीने तपासला. लबाडी सापडली नाही. मग त्याचा अभ्यास करणाऱ्या ऑस्कर फुंगस्ट यांच्या ध्यानात आलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं की हान्स चुकतो. बरोबर टापेला विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं आणि घोडा थांबायचा. हान्सचा दाखला देऊन काहीजण निरीक्षणालाच नावं ठेवतात, पण कोडं निरीक्षणानेच सुटलं. फुंगस्ट घोड्याइतकंच माणसाकडेही बघत होते. तेव्हा तू कुठे उभी होतीस, मालक किती जवळ होता, तुझ्या हातात गूळ होता का, हेही रोज टिपत जा.

रेकॉर्डर लावण्याआधी विचार. गिऱ्हाईक आलं की बोलणं थांबव. पहिल्या आठवड्याची टिपणं टाइप न करता तशीच मला पाठव.

तुझी,
आत्या